खिडकीतला ग्लास आणि 'सिक्वेली ऑफ ओल्ड कॉक्स'

नागपूरच्या मानेवाड्याहून आलेलं हे पत्र जागेअभावी थोडं आटोपशीर करून देते आहे.

'ताई, माझ्या सासूबाई चौसष्ट वर्षांच्या आहेत. १९९८ साली त्यांना टीबी झाला होता. पूर्ण औषध घेतलं, बऱ्या झाल्या. त्यानंतर माझं लग्न झालं, त्यामुळे मी ते दिवस पाहिलेले नाहीत. गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी छातीचा एक्स-रे काढला. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय, 'सिक्वेली ऑफ ओल्ड कॉक्स'. मिस्टर म्हणाले, सिक्वेल म्हणजे भाग दुसरा, टीबी परत आला. नणंद म्हणते, पोराला आजीजवळ झोपवू नका, ताट-वाटी वेगळी करा. ते आईंनी ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच आपला ग्लास उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. म्हणतात, 'माह्यामुळं पोराले काही नको व्हाले.' डॉक्टरांना विचारलं तर 'काही नाही, जुनं आहे' म्हणून दोन मिनिटांत मोकळं केलं. काही नाही म्हणावं, तर दोन जिने चढल्या की आईंना धाप लागते. मिस्टर म्हणतात, वय झालं. मोतीबिंदूची तारीख पुढे गेलीय. मला दोन गोष्टी सांगा. हे नेमकं काय आहे? आणि आईंना मराठीत काय म्हणून सांगू? 'सिक्वेली' त्यांना कळत नाही, आणि 'टीबीचं' म्हटलं की पुढचं त्या ऐकतच नाहीत. – एक सून'

सूनबाई,

तुमच्या मिस्टरांची चूक हुशार माणसाची आहे. शब्द ओळखीचा दिसला की आपण त्याला ओळखीचाच अर्थ लावतो, आणि सिक्वेल म्हणजे काय हे सिनेमाने आपल्याला चांगलं शिकवून ठेवलंय. पहिल्या भागात मेलेला खलनायक दुसऱ्या भागात हॉस्पिटलच्या खाटेवर डोळे उघडतो. त्यांनी टीबीला तीच भूमिका दिली.

गंमत म्हणजे शब्दांचं नातं त्यांनी बरोबर ओळखलंय. सिक्वेल आणि सिक्वेली, दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदातून निघाले. त्याचा अर्थ मागून जाणं, पाठोपाठ येणं. एकच असेल तर सिक्वेला, अनेक असतील तर सिक्वेली. स्पॅनिशमध्ये तर आजही सिनेमाच्या पुढच्या भागाला 'सेकुएला' म्हणतात आणि दुखण्याने मागे ठेवलेल्या अधूपणालाही 'सेकुएला'च म्हणतात. तिथल्या नवऱ्यांचीही अशी फसगत होत असेल. आपल्या संस्कृतात याच कुळातला 'सच्' धातू आहे, सोबत असणं, मागोमाग जाणं या अर्थाचा, आणि त्यातूनच 'सचिव' हा शब्द आला. म्हणजे दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला फायलींच्या गठ्ठ्यांसकट नागपुरात उतरतात ते सचिव आणि तुमच्या सासूबाईंच्या रिपोर्टातली सिक्वेली दूरच्या नात्यातले. याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

उपयोगाचं आहे ते पुढे. डॉक्टरी भाषेत मागून येतो तो रोग नसतो. रोग संपलेला असतो, आणि तो गेल्यावर शरीरात जे उरतं त्याला सिक्वेली म्हणतात. माझी आई पाहुण्यांबद्दल बोलायची तसं सांगते. पाहुणा घरात असताना जो गोंधळ घालतो ते कॉम्प्लिकेशन. तो गेल्यावर, रोज जिथे डोकं टेकून बसायचा तिथे भिंतीवर तेलाचा डाग राहतो, ती सिक्वेली. डाग दिसला म्हणून कोणी पाहुण्यासाठी चहा टाकत नाही.

आता 'ओल्ड कॉक्स'. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. जागतिक क्षयरोग दिन २४ मार्चला असतो तो त्यामुळेच. आपल्याकडच्या डॉक्टरांनी मात्र त्याच्या आडनावाचा वेगळाच उपयोग केला. पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर टीबी म्हणायला नको, म्हणून कागदावर 'कॉक्स', म्हणजे 'कॉखचा' आजार. मुलीचं लग्न मोडू नये, भाड्याची खोली सुटू नये, अशा चांगल्या हेतूने हा शब्द रूढ झाला. पण झाकून ठेवलेल्या शब्दाची भीती उघड्या शब्दापेक्षा जास्त वाटते. तुमच्या घरी तेच झालंय. एक शब्द लॅटिन, दुसरा जर्मन आडनाव, आणि दोन्हींच्या मध्ये चौसष्ट वर्षांची बाई आपला ग्लास घेऊन उभी आहे.

त्या ओळीचा सरळ मराठी अर्थ एवढाच, की जुन्या टीबीने मागे ठेवलेल्या खुणा दिसतात. रिपोर्टात वर कुठे 'फायब्रोटिक स्ट्रँड्स' किंवा 'कॅल्सिफिकेशन' असे शब्दही असतील. टीबीने फुफ्फुसाचा जो भाग खाल्ला तो भरून येताना पूर्वीसारखा मऊ राहत नाही, दोऱ्यासारखा घट्ट होतो, कुठे त्यात चुना साठतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हेकट माणसाबद्दल म्हणतो. मला ती म्हण छातीचे एक्स-रे बघताना आठवते. आग विझून पंचवीस वर्षं झाली, पीळ फिल्मवर तसाच आहे आणि जन्मभर राहील.

मिस्टरांना पुरावा लागत असेल तर हे सांगा. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची मोठी यादी आहे, जगभरची रुग्णालयं त्यातले क्रमांक वापरतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत टीबीचे क्रमांक ए १५ ते ए १९. 'टीबीच्या सिक्वेली' तिथे नाहीतच. त्यांचा क्रमांक बी ९०, पुढे बी ९१ पोलिओच्या सिक्वेली, बी ९२ कुष्ठरोगाच्या. चालू आजार आणि उरलेल्या खुणा यांची कपाटंच वेगळी.

तुमचा दुसरा प्रश्न, मराठीत काय म्हणायचं, मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. आणि तो मी हलक्यात घेत नाही, कारण एकदा माझ्या हातून त्यात चूक झालेली आहे.

मी तीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. म्हणजे डॉक्टर बोलून गेले की खाटेजवळ बसून त्याचं मराठी करणारी बाई. उमरेडकडचा एक मुलगा मेंदूज्वरातून वाचला होता, पण त्याला अधूनमधून झटके यायचे. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी 'सिक्वेली' लिहिलं होतं. बापाने कार्डावर बोट ठेवून विचारलं, 'हे काय लिवलं जी?' माझ्यापुढे अजून सहा जण उभे होते. मी म्हटलं, 'आजाराचा दुष्परिणाम आहे.' शब्दकोशाप्रमाणे त्यात वावगं काही नाही. पण दुष्परिणाम हा शब्द लोकांच्या तोंडी कसा येतो? गोळ्यांचा दुष्परिणाम. ॲलोपॅथीचे दुष्परिणाम. बापाने माझ्या वाक्यातला तेवढा शब्द उचलला आणि गावी जाऊन पोराच्या झटक्यांच्या गोळ्याच बंद केल्या. पंधरा दिवस झाले नव्हते तर पोरगा परत वॉर्डात, झटके थांबेनात. वाचला तो. बाप मला म्हणाला, 'तुम्हीच तं सांगतलं होतं.' मी काय उत्तर देणार? त्या दिवसापासून 'दुष्परिणाम' हा शब्द मी औषधांपुरता ठेवलाय.

मग दुसरा कुठला? 'उपद्रव' म्हणावं तर त्याचं मूळ फार भारदस्त आहे. चरकसंहितेत विसर्प रोगाच्या अध्यायात उपद्रवाची व्याख्या करताना 'रोगोत्तरकालज' असा शब्द येतो, रोगानंतरच्या काळात जन्मणारा. ऐकायला अगदी सिक्वेलीसारखा. पण तिथला उपद्रव मूळ रोगाच्याच आश्रयाने राहतो, म्हणजे तो कॉम्प्लिकेशनच्या जास्त जवळचा. शिवाय आज उपद्रव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डास येतात, नाहीतर शेजारचं कार्टं. 'पश्चात परिणाम', 'उत्तरपरिणाम' हे शब्द सरकारी पत्रकात शोभतात. सासूबाईंना म्हणून बघा, परीक्षेच्या निकालाबद्दल बोलताय असं त्यांना वाटेल.

इतर भाषांनी काय केलं ते बघितलं तर जरा वाट दिसते. जपानी, चिनी आणि कोरियन तिन्ही भाषा हा शब्द त्याच तीन चिनी अक्षरांतून घडवतात, नंतर, मागे ठेवलेलं, लक्षण. जपानीत त्याचा उच्चार कोइशो, कोरियनमध्ये हुयुजुंग. कोरियन लोक तर सणाची सुट्टी संपल्यावर कामावर मन लागत नाही त्यालाही हुयुजुंगच म्हणतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची मिरवणूक बघून आल्यावर नागपुरात जे होतं, त्याला कोरियात डॉक्टरी शब्द आहे.

मला सगळ्यात आवडतो तो अरबी शब्द, 'अकाबील'. जुन्या अरबी कोशांत त्याचा अर्थ दिलाय, आजाराचे, वैराचे आणि प्रेमाचे अवशेष. आणखी एक अर्थ, ताप उतरल्यावर ओठांवर येणाऱ्या पुटकुळ्या. कोणीतरी आपल्या बायकोच्या नाहीतर लेकराच्या ओठांकडे बघितलं असेल, ताप गेलाय पण त्याने जाताना दारात चप्पल विसरावी तशी एक खूण ठेवलीय हे त्याला दिसलं असेल, आणि त्याने त्याला नाव दिलं. अभ्यासिकेत बसून असा शब्द सुचत नाही.

असा बघून ठेवलेला शब्द आपल्याकडेही आहे, आणि तो तुमच्या सासूबाईंच्या तोंडात लहानपणापासून आहे. वण.

देवीचे वण. त्यांच्या पिढीने असे चेहरे पाहिलेत. देवी आल्या, गेल्या, माणूस वाचला, चेहऱ्यावर वण राहिले. त्या वणांमुळे कोणाला देवी झाल्या नाहीत, आणि वण आहेत म्हणून कोणी त्या माणसाला 'देवी झालेला' म्हणून वेगळं बसवत नव्हतं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, १९८० साली जगातून हा रोग संपल्याचं जाहीर झालं. वण मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं माणसांच्या चेहऱ्यांवर हिंडत होते.

आता एक करा. दुपारी निवांत असताना आईंजवळ बसा आणि त्यांच्या दंडावर बघा. चौसष्ट वर्षांच्या बाईच्या दंडावर बहुतेक देवी काढल्याची गोल खूण असतेच, रुपयाएवढी, मध्ये चुरगळलेल्या कागदासारखी कातडी. त्यावर बोट ठेवा आणि विचारा, ही दुखते का? हिच्यातून कोणाला काही होतं का? त्या हसतील. मग म्हणा, आई, अशीच एक खूण आत फुफ्फुसावर आहे. टीबीचा वण. एक्स-रेत दिसला, म्हणून लिहिलं. 'सिक्वेली' म्हणू नका, 'कॉक्स' म्हणू नका, आणि टीबी हा शब्द गाळूही नका. गाळला तर त्यांना वाटेल तुम्ही काहीतरी लपवताय. 'टीबीचा वण' यात टीबी आहे, पण तो गेलेला आहे. वण हा शब्दच भरलेल्या जखमेसाठी आहे, चिघळलेल्या जखमेला कोणी वण म्हणत नाही.

इथपर्यंत मी तुमच्या मिस्टरांना आणि नणंदेला खोडून काढलं. आता डॉक्टरांच्या 'काही नाही'कडे वळते, कारण त्यावर माझा मिस्टरांवरच्यापेक्षा जास्त राग आहे.

सिक्वेली या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपून जातात. एक नुसती खूण, दंडावरच्यासारखी. दुसरी, काहीतरी कायमचं कमी झालेलं. पोलिओ जातो, पाय अधू राहतो. कुष्ठरोगाचे जंतू औषधाने मरतात, पण नसा आधीच गेलेल्या असतात, म्हणून बोटं वाकडी राहतात, तळव्याला चटका कळत नाही. आपण विदर्भातली माणसं, आपल्याला हे कोणी शिकवायला नको. वरोऱ्याच्या आनंदवनात, वर्ध्याजवळ दत्तपूरला, अमरावतीच्या तपोवनात याच उरलेल्या बोटांनी माणसांनी माग चालवले, शेती केली. त्यांचा रोग केव्हाच गेला होता. तरी गावात परतल्यावर लोक बोटांकडे बघून पाणी वरून ओतायचे. त्याच्या नेमकं उलट २००६ साली चिकनगुनियात आपण पाहिलं. घराघरात माणसं कठडा धरून जिना उतरत होती, सकाळी मूठ वळत नव्हती, काहींचं ते महिनोन् महिने चाललं. 'ताप गेला, पण सांधे धरून गेला' हे वाक्य तेव्हा मी रोज ऐकायची. त्यात कोणी कोणाचा ग्लास वेगळा केला नाही, आणि 'तुझा ताप तर गेला, मग कशाला कण्हतेस' असंही म्हटलं नाही. सगळ्यांचेच सांधे धरले होते ना.

कोविडनंतर हीच गोष्ट साऱ्या जगाला कळली. 'लाँग कोविड' हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही, २०२० च्या मे महिन्यात रुग्णांनीच ते सोशल मीडियावर चालवलं, कारण रिपोर्ट निगेटिव्ह आला की त्यांना कोणी विचारेना. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या त्यानंतर, ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. दरम्यान संशोधकांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं, आणि त्यात आपली सिक्वेली आहेच.

तर आईंची धाप. ती वयाची असू शकते. पण टीबीनंतर फुफ्फुसाचा काही भाग कायमचा निकामी होणं, श्वासनळ्या आकसणं किंवा सैल पडणं, त्यामुळे चालताना दम लागणं, वारंवार कफ होणं, याला आता डॉक्टर टीबीपश्चात फुफ्फुसविकार म्हणून स्वतंत्र ओळखतात. औषधाचा कोर्स पूर्ण केलेल्या, ठणठणीत बऱ्या झालेल्या माणसालाही तो असू शकतो. त्यावर इलाज असतो. तो 'काही नाही' या दोन शब्दांत बसत नाही.

म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे एकदा जा. फक्त एक्स-रे घेऊन नका जाऊ. घरात शोधा, १९९८ ची किंवा त्यानंतरची एखादी फिल्म असेल. आपल्या घरांमध्ये ती गादीखाली, नाहीतर कपाटावर गुंडाळून असते, पोरांनी ग्रहण बघायला म्हणून पळवली नसेल तर (एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघू नये, डोळे जातात). ही जुनी फिल्म तुमच्या हातातला सगळ्यात मोलाचा कागद. एकटा एक्स-रे 'खूण आहे' एवढंच सांगतो, ती थंड आहे की नाही हे छातीठोक सांगत नाही. जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावून दोन्हींत खूण तशीच दिसली तर डॉक्टरांना खूप काही कळतं.

ज्याला एकदा टीबी झाला त्याला तो पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हेही खरं. मिस्टरांची भीती अगदी हवेतली नाही. त्यामुळे दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. थुंकीची तपासणी नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत, मेडिकलला किंवा मेयोला, फुकट होते. मशीनवर जंतूच्या अंशाची तपासणी करतात, तिचा निकाल लवकर येतो. ती केल्याशिवाय, नुसत्या एक्स-रेवरच्या जुन्या खुणेवर कोणी टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू करा म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. तशी माणसं मी पाहिलीत, वणावर सहा महिने औषध घेणारी.

धापेसाठी डॉक्टरांना विचारा, फुंकायची तपासणी करायची का? नळीत जोरात फुंकायला लावतात, फुफ्फुसात किती हवा मावते आणि ती किती वेगाने बाहेर येते ते त्यातून कळतं. पहिल्यांदा बायका लाजून हळू फुंकतात आणि निकाल उगाच खराब येतो. आईंना आधी घरी सांगून ठेवा, चूल फुंकायची तसं फुंका म्हणावं. हिमोग्लोबिन आणि ईसीजीही करून घ्या, कारण धाप नेहमी फुफ्फुसाचीच असते असं नाही. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस त्यांना घ्यावी का, तेही विचारा. घरात धूप, उदबत्त्या, सकाळ-संध्याकाळ कापूर जळत असेल तर ते कमी करा. देवाला चालेल.

नणंदेचं काय? टीबी ताटवाटीतून, ग्लासातून, कपड्यांतून पसरत नाही. चालू टीबी असलेला माणूस खोकतो तेव्हा हवेतून पसरतो. म्हणजे आज समजा आईंना खरंच टीबी असता, तरी ग्लास वेगळा करून उपयोग शून्य. आणि नसेल, तर अजूनच शून्य. हे नणंदेला तुम्ही सांगू नका, मिस्टरांना सांगायला लावा. सुनेने सांगितलं की वाद होतो, भावाने सांगितलं की माहिती होते. हा अन्याय आहे, मला मान्य आहे, पण आत्ता आपल्याला ग्लासाची घाई आहे.

त्या ग्लासाबद्दलही तुम्हीच काही बोलू नका. तुम्ही उचलून मांडणीत ठेवाल आणि त्या संध्याकाळी परत खिडकीत नेऊन ठेवतील. पोराला सांगा. 'आजी, तुझ्या ग्लासात पाणी दे' म्हणून त्याला मागू द्या. पहिल्या दिवशी त्या नाही म्हणतील. पण थुंकीचा रिपोर्ट हातात आला की तो आधी त्यांना वाचून दाखवा, मग बाकीच्यांना. त्यांचा आजार आहे, बातमी त्यांना शेवटी कळायला नको.

मोतीबिंदूची तारीख पुन्हा घ्या. वण असल्यामुळे डोळ्याचं ऑपरेशन अडत नाही, पण धाप लागते हे तिथल्या डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. ऑपरेशन चालू असताना बराच वेळ उताणं, स्थिर झोपून राहावं लागतं. उताणं झोपल्यावर आईंना खोकल्याची उबळ येते का, हे त्याआधी घरी दोन-चार दुपारी बघून ठेवा. दोन्ही एक्स-रे, थुंकीचा रिपोर्ट आणि फुंकल्याचा कागद एकाच पिशवीत घाला आणि पिशवीवर त्यांचं नाव घाला.